हुतूतूतला वर केलेला हात आणि नातवाची २४ तासांची शर्यत



या पानावर आपण एरवी दांडिया बाजारातले वाडे, गणपतीचे दिवस आणि शेवउसळ यांच्या आठवणी लिहितो. आज विषय वेगळा आहे : मोटारींची ऑनलाइन शर्यत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या बी. कॉम. माणसाने यात कशाला पडावं, असं वाटेल. पण जरा धीर धरा, गाडी शेवटी बडोद्यालाच येते.

माझ्या जुन्या लिहिण्याच्या टेबलाला नातवाने स्टिअरिंग चाक बसवलंय, खाली पेडलं. चौघांचा संघ. एकच गाडी चौघांनी पाळीपाळीने २४ तास चालवायची. एक चालवतो तेव्हा बाकीचे झोपतात. एक पोरगा पुण्यात, दोघे जर्मनीत, आमचा बडोद्यात. पहाटे दोनला याची पाळी होती. मलाही झोप येत नव्हती, म्हणून मागे खुर्ची टाकून बसलो.

या शर्यतीत एकाच ट्रॅकवर दोन जातींच्या गाड्या धावतात. प्रोटोटाइप फार वेगवान, जीटी थ्री त्यापेक्षा हळू. आमची जीटी थ्री. तीनच्या सुमारास मागून एक प्रोटोटाइप आली आणि वळणावर दोघांची धडक झाली. आमची गाडी भिंतीवर. दुरुस्तीत सात-आठ मिनिटं गेली, तिसऱ्या नंबरवरून संघ पाचवा आला. शर्यत संपल्या संपल्या चौघांनी तक्रार लिहायला घेतली : 'मागून ठोकलं, त्या गाडीला शिक्षा करा.' अशा तक्रारी पंच नंतर रिप्ले बघून निकालात काढतात.

मी म्हटलं, "पाठवायच्या आधी मला एकदा नीट समजावून सांग."

"आजोबा, त्यात समजावण्यासारखं काय आहे? त्यानेच ठोकलं."

हे वाक्य मी बँकेत छत्तीस वर्षं ऐकलं होतं. म्हणून दुपारी थोडं वाचलं. फ्रान्समधल्या ल मान्स गावी २४ तासांची पहिली शर्यत मे १९२३ मध्ये झाली. जून १९५५ मध्ये तिथेच एक गाडी पिटकडे वळण्यासाठी हळू झाली, मागच्याने तिला चुकवायला गाडी बाजूला घेतली, त्याच्यावर तिसरी गाडी आदळून प्रेक्षकांत गेली. ८० हून अधिक माणसं गेली. चौकशीत एकाही चालकाला दोषी धरलं नाही, रस्ता आणि पिटची रचनाच त्या वेगाला पुरी पडणारी नव्हती. पुढे ती बदलली. १९६९ चा किस्सा तर मला फार आवडला. तेव्हा चालकांनी रस्ता ओलांडून पळत जायचं, गाडीत उडी मारायची आणि निघायचं. घाईत पट्टा नीट बांधला जायचा नाही. जॅकी इक्स त्या वर्षी मुद्दाम चालत गेला, पट्टा बांधून सगळ्यांच्या शेवटी निघाला. पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा चालक अपघातात गेला. इक्स मात्र २४ तासांनी जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरने ती शर्यत जिंकला. दुसऱ्या वर्षी ती पळापळ बंद झाली. म्हणजे आधी एकाने रीत पाळून दाखवली, नियम मागून आला.

आता ऑनलाइनचं. २००८ साली सुरू झालेल्या आयरेसिंगमध्ये दोन गाड्या जोरात भिडल्या की चूक कोणाचीही असो, दोघांच्या खात्यात चार-चार गुण चढतात. फार गुण झाले तर शर्यतीतून बाद, शिवाय सुरक्षिततेचा दर्जा खाली. मला आधी हा अन्यायच वाटला. मग आठवलं, कॅश कमी भरली की आमचा कॅशियरही ती खिशातून भरायचा, कारण कोणतंही असो. असा नियम दोष ठरवत नाही, फक्त माणसाला सावध ठेवतो. दोष ठरवायचा तर माणूसच बसवावा लागतो. करोनात जूनची खरी ल मान्स सप्टेंबरवर गेली, तेव्हा १३ आणि १४ जून २०२० ला आरफॅक्टर टू वर ५० गाड्या आणि २०० चालकांची आभासी ल मान्स झाली. खरे रेसर आणि घरी बसून खेळणारे एकत्र. तिथेही लक्ष ठेवायला रेस कंट्रोल होतंच.

संध्याकाळी नातवाला म्हटलं, "आता हेच त्या दुसऱ्या गाडीत बसून दाखव."

रिप्लेत तशी सोय असते. त्याने कॅमेरा बदलला. प्रोटोटाइप आतल्या बाजूने जायला निघालेली दिसली. आणि आमची गाडी ऐन वळणाच्या तोंडाशी आपली रेषा सोडून आतच सरकली. त्याने तेवढाच भाग चार वेळा बघितला.

"मी त्याला वाट द्यायला बाजूला झालो होतो, आजोबा."

तीच चूक होती. रीत अशी की सुरक्षित जागा बघून पुढे जाणं ही वेगवान गाडीची जबाबदारी. हळू गाडीने आपली रेषा सोडायची नाही. निळं निशाण म्हणजे मागून कोणी येतंय एवढी सूचना, उडी मारून बाजूला हो असा हुकूम नव्हे. मांडवीला रस्ता ओलांडणाऱ्या आपल्या माणसालाही हे कळतं. सरळ चालत राहिलात तर स्कूटरवाला वळसा घालून जातो, दचकून मागे फिरलात की अंगावर येतो.

तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली, ती घरात कुणालाच माहीत नव्हती. एका शाखेत माझ्या हाताखालच्या तरुण कॅशियरची पाच हजारांची कॅश कमी आली. त्याने त्याच संध्याकाळी भरली. अहवाल मी लिहिला, 'निष्काळजीपणा' हा शब्द माझा. त्याची एक वेतनवाढ थांबली. काही महिन्यांनी रजेच्या बदलीत पेन्शनच्या दिवशी मी स्वतः त्या पिंजऱ्यात बसलो. नोटा मोजताना आतून अधिकाऱ्याचा शिपाई दर दहा मिनिटांनी व्हाउचर घेऊन यायचा आणि मोजणी तुटायची. त्या दिवशी, आधी, तो शिपाई मीच पाठवत होतो. अहवालात त्याबद्दल एक ओळ नव्हती. फाइल बंद झाली होती, मी उघडली नाही. पुढे त्याची बदली झाली, आता तो या जगात नाही.

नातू काही बोलला नाही. रात्री त्याने तक्रार मागे घेतली आणि चूक आपली असल्याचं आयोजकांना कळवलं. संघाला ३० सेकंदांची शिक्षा झाली, कबुलीची नोंद घेऊन कमी केलेली. पाचव्याचा सहावा नंबर आला. पुण्याचा पोरगा दोन दिवस बोलला नाही. त्या प्रोटोटाइपवाल्याने मात्र आभाराचा निरोप पाठवला आणि पुढच्या शर्यतीत भेटू म्हणाला.

आता बडोदं. ज्या १९२३ साली ल मान्सची पहिली शर्यत झाली, त्याच साली आपल्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापले आणि त्यावर अखिल भारतीय सामने भरवले. आम्ही पोरं साठच्या दशकात खेळायचो तेव्हा पंच नेहमी असायचाच असं नाही. स्पर्श झाला की ज्याचा त्याने हात वर करून बाहेर जायचं. नाही गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याला कोणी खेळायला घेत नसे.

कॅशियरचं कुटुंब अजून इथेच असावं असं ऐकतो. शोध घेतोय. आणि कुणाच्या घरी जिमखान्याची ती जुनी नियमांची पुस्तिका किंवा तेव्हाच्या सामन्यांचे फोटो असतील, तर कृपया खाली टाका. नातवालाही बघायचे आहेत.