धूर जातो कुठे?

गेल्या महिन्यात नातीबरोबर फ्लॅट बघायला गेले होते. भोसरीच्या बाजूला, सातवा मजला. एजंट मुलगा फार गोड बोलत होता. पाणी किती वेळ, लिफ्टला जनरेटर आहे, गाडी कुठे लावायची, सगळे सांगून झाले. बोलता बोलता मी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवले आणि उलटे करून पाहिले. काळे! नात हसली. म्हणाली, "आजी, शाळा सोडून सोळा वर्षे झाली, अजून तुझी तपासणी चालूच?"

ही सवय शाळेची नाही. माझ्या आईची आहे.

माझे लहानपण लालबागच्या चाळीत गेले. वडील गिरणीत साळखात्यात होते. आमच्या घरात घड्याळ होते, पण दिवस चालायचा भोंग्यावर. आणि आईचे काम चालायचे धुराच्या अंदाजावर. बॉयलरमध्ये नवा कोळसा पडला की धुराड्यातून काळा लोट निघे. तो दिसला की आई गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे भराभर ओढून घेई. पापड वाळत घातले की त्यांच्यावर जुने लुगडे. संध्याकाळी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवायची, बघायची आणि पदराला पुसायची. तक्रार कधी नाही. धूर आहे म्हणजे गिरणी चालू आहे, गिरणी चालू आहे म्हणजे पगार आहे, हे तिचे साधे गणित होते.

पुढे आयुष्यभर पुण्यात इतिहास शिकवला. गिरण्यांचा धडा दर वर्षी यायचा. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी काढली, १८५६ मध्ये ती सुरू झाली. मुलांनी सने पाठ करायची, मी गुण द्यायचे. धडा संपला. त्या गिरणीचा धूर कुठे गेला, हा प्रश्न पुस्तकात नव्हता आणि मीही कधी विचारला नाही. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा त्या धुराच्या मागे लागले.

धुराविरुद्ध कायदा आपल्याकडे फार जुना आहे, हे वाचून मला आश्चर्य वाटले. कलकत्त्याला १९०५ मध्ये आणि मुंबईला १९१२ मध्ये. म्हणजे टिळक मंडालेच्या तुरुंगात होते तेव्हा इकडे धुराड्यांवर नजर ठेवण्याचा कायदा झाला होता! पण त्या काळची धूर मोजण्याची पद्धत पाहा. हातात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटांचा तक्ता घ्यायचा, धुराड्याच्या तोंडाशी निघणारा धूर त्याच्याशी ताडून पाहायचा आणि किती काळा ते ठरवायचे. न दिसणारा गंधकाचा वायू या तक्त्यात बसत नाही. आणि मोजणाऱ्याची नजर वर, धुराड्याकडे. शेजारच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर कोण खोकते आहे हे पाहण्याचे कलम त्या पद्धतीत नव्हते.

धूर खरा हलवला तो विजेने. बंगालकडून येणारा कोळसा महाग पडायचा. टाटांनी लोणावळ्याजवळ बांध घालून पाणी साठवले, ते घाटाखाली खोपोलीला सोडले आणि १९१५ मध्ये ती वीज मुंबईला पोचली. एकेक गिरणी विजेवर जाऊ लागली. स्वस्त वीज, आणि तीही बिनधुराची! आणखी हवी, म्हणून पुढची नजर गेली आपल्या मुळशीवर.

इथे आपण पुणेकरांनी थोडे थांबले पाहिजे. मुळशीचा सत्याग्रह आपल्याला माहीत असतो तो सेनापती बापटांमुळे. १९२१ च्या रामनवमीला तो सुरू झाला. मावळातले शेतकरी, बापट, विनायकराव भुस्कुटे तीन वर्षे झगडले, तुरुंगात गेले. शेवटी धरण झाले. भाताची खाचरे, देवळे, घरे पाण्याखाली गेली. मी हा धडा 'शेतकऱ्यांचा लढा' म्हणून शिकवला आणि गिरण्यांचा धडा 'उद्योगांची वाढ' म्हणून. दोन धड्यांत मध्ये चार पाने होती. मुंबईच्या घरांवरचा थोडा धूर कमी झाला त्याची किंमत मुळशीच्या घरांनी भरली, हे मला वयाच्या पासष्टीनंतर कळले. शिक्षिका म्हणून याची लाज वाटते.

बरे, धूर तरी गेला का? यंत्रे विजेवर गेली, पण सुताला खळ लावायला आणि कापड रंगवायला वाफ लागतेच. बॉयलर राहिले, धुराडी राहिली. आईचे बोट पुसणे राहिले. शिवाय घरात तिची कोळशाची शेगडी होतीच. ती खोकायची. वडील दवाखान्यात गेले की पहिला प्रश्न यायचा, "बिडी ओढता का?" आईला कोणी काही विचारलेच नाही. तिने बिडी ओढली नव्हती की गिरणीत पाऊल टाकले नव्हते. १९७४ मध्ये ती गेली. तिच्या छातीत शेगडीचा धूर किती आणि धुराड्याचा किती, याचा हिशेब आता कोण करणार?

असा हिशेब मांडायचा प्रयत्न त्यानंतर थोड्याच वर्षांत झाला, तोही आमच्याच भागात. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जास्त, मध्यम आणि कमी प्रदूषणाच्या वस्त्या निवडल्या. लालबाग, चेंबूर आणि खार. तुलनेसाठी खेडेगावातले लोक घेतले. हजारो माणसांना तपासले, खोकला आहे का, दम लागतो का, असे विचारले. जिथे हवा जास्त खराब तिथे या तक्रारीही जास्त, असे दिसले. गोष्ट साधी आहे, पण या खेपेस नजर धुराड्यावरून खाली, माणसाच्या छातीकडे आली होती. ते वाचताना मला वाटले, आईला दहा वर्षे आणखी मिळती तर तिलाही कोणीतरी विचारले असते.

यादीत चेंबूर कसे आले? तर १९५४-५५ मध्ये माहुल भागात दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, १९५६ मध्ये ट्रॉम्बेचे औष्णिक वीज केंद्र, १९६५ मध्ये खताचा कारखाना. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, लालबागचे आकाश मोकळे झाले. धुराबरोबर पगारही गेला. आईचे गणित शेवटपर्यंत खरे ठरले.

माहुलची गोष्ट तर आत्ताची. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना त्या कारखान्यांच्या शेजारच्या इमारतींत पाठवले गेले. माहुलची हवा आरोग्याला धोक्याची आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते, तरी पाठवले. लोक न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की या लोकांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाड्यासाठी महिना १५,००० रुपये द्या. १९१२ च्या कायद्यापासून शंभराहून अधिक वर्षांनी प्रश्न असा विचारला गेला की या घरात माणूस राहू शकतो का.

असो. आपल्या पुण्यालाही हे लागू आहे. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि वर उबदार थर झाकणासारखा बसतो. कारखान्याचा, भट्टीचा, जाळलेल्या भंगाराचा, गाड्यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन चढले की झाकण निघते, आणि फ्लॅट बघायला आपण जातो ते नेमके अकरा वाजता.

हे सगळे मी नातीला त्या रात्री सांगितले. तिचे ऑफिस तिथून जवळ, हप्ता परवडणारा. घेऊ नकोस असे म्हणायचा मला काय अधिकार? माझ्या आईवडिलांनीही गिरणीजवळचीच खोली घेतली होती. ती काही बोलली नाही.

काल तिचा फोन आला. म्हणाली, "आजी, एजंटला सांगितलंय, पुन्हा बघायचाय फ्लॅट. डिसेंबरात, सकाळी सहाला. येशील ना?"

जाणार आहे.