मागच्या काचेतला तिसरा दिवा

मोटारीच्या मागच्या काचेशी मधोमध एक तांबडा दिवा असतो. ब्रेक दाबला की खालच्या दोन दिव्यांबरोबर तोही लागतो. दोन असताना हा तिसरा कशाला?

ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. पुढच्या गाडीने ब्रेक लावल्याचे दिसून आपला पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि तेवढ्यात घात होतो. तेव्हा सूचना लवकर आणि ठळक मिळायला हवी.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वोएवोडस्की यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ३४३ टॅक्सींच्या मागे मधोमध एक पिवळा दिवा बसवला. वेग जितका झपाट्याने उतरे, तितकी त्याची उघडझाप जलद होई. १६० टॅक्सी तुलनेसाठी दिव्याविना ठेवल्या. प्रयोगाचा जीव या १६० गाड्यांत आहे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध झाले: दिव्याच्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी!

पुढच्या चाचण्यांत साधा, स्थिर तांबडा दिवा वापरला गेला. पुढची गाडी ब्रेक लावत असताना होणाऱ्या धडका त्यानेही सुमारे निम्म्यावर आल्या. मग १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीला तो सक्तीचा झाला.

आणि आकडा घसरला. अमेरिकी सरकारच्या १९९८ च्या अहवालानुसार १९८७ साली मागून बसणाऱ्या धडकांतील घट ८.५ टक्के होती. ती पुढे ४.३ टक्क्यांवर स्थिरावली. आमच्या मते वोएवोडस्कींचे मोजमाप चुकले नव्हते. त्यांच्या वेळी असा दिवा शेकडो गाड्यांत एखादीवर दिसे, म्हणून नजर तिकडे जाई. त्यांनी मोजले ते अनोळखी दिव्याचे काम. सर्वांकडे दिवा आल्यावर नवलाई सरली.

तरीही तो काढला गेला नाही. ४.३ टक्के म्हणजे त्या देशात वर्षाला सुमारे दोन लाख अपघात टळणे, असा त्याच अहवालाचा हिशेब आहे. खर्च त्या मानाने किरकोळ.

नंतर एलईडी आले. तारेचा दिवा उजळायला सुमारे ०.२ सेकंद घेतो. एलईडी जवळजवळ तत्काळ लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला हे ०.२ सेकंद म्हणजे किती अंतर, ते वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. उत्तर साडेपाच मीटरांच्या आसपास येते.