बुंदी, मोती आणि भुलेश्वरची पांजरापोळ



गेल्या वर्षी दशलक्षण पर्व संपून चारच दिवस झाले होते आणि आमच्या घरी बुंदी आली. ही बुंदी लाडवातली नव्हे. ही पूडल जातीची कुत्री आहे, वय सहा, वजन साडेचार किलो, रंग वाळवलेल्या जर्दाळूसारखा. ती विकत आणलेली नाही. सोडवलेल्या कुत्र्यांना घर शोधून देणारा एक स्वयंसेवी गट आहे, त्यांच्याकडून ती दत्तक घेतली.

मंदिरातल्या भगिनी मंडळात तेव्हापासून मला तीनच प्रश्न विचारले जातात. जैन घरात कुत्रं कसं? सोवळ्याचं काय करता? आणि खायला काय घालता? उत्तरं आज देणारच आहे, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. आधी बावीस वर्षं आणि मग जवळजवळ दोनशे वर्षं.

दत्तक घेणं म्हणजे जाऊन उचलून आणणं, अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं. आधी चार पानांचा फॉर्म भरून घेतला. मग दोघीजणी घर बघायला आल्या. गॅलरीला जाळी आहे का, दिवसभर घरी कोण असतं, गावी जाताना कुत्र्याला कुठे ठेवाल, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, असं सगळं विचारलं. सासूबाईंना तर त्यांनी वेगळं बसवून विचारलं. शेवटी त्यातली मोठी ताई मला म्हणाली, "आधी कधी कुत्रं होतं का? त्याचं पुढे काय झालं?"

मी गप्प बसले.

आम्ही सांगलीला होतो तेव्हा आमच्या दारात मोती नावाचा गावठी कुत्रा असायचा. तो कुणी पाळलेला नव्हता, पण माझ्या हातची भाकरी खाऊन मोठा झाला होता. मला दिवस गेले तेव्हा घरात सगळे म्हणू लागले की आता बाळ येणार, कुत्रं नको. एका सकाळी मामंजींनी आणि शेजारच्या काकांनी त्याला पोत्यात घातलं आणि टेम्पोतून लांब, मिरजेच्याही पुढे नेऊन सोडलं. मी दारात उभी होते. एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी मामंजी म्हणाले, "मारलं तर नाही ना, सोडलंच फक्त." मीही स्वतःला तेच सांगत राहिले, बावीस वर्षं.

हे मी त्या ताईंना खरं सांगितलं. वाटलं, आता बुंदी काही मिळत नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "नाही जमलं तर आमच्याकडेच परत आणायचं. कुठेही सोडायचं नाही." खाली माझी सही घेतली.

आता दोनशे वर्षांमागची गोष्ट.

मुंबईत आल्यापासून पूजेचं सामान घ्यायला मी भुलेश्वरला जाते. सी. पी. टँकजवळच्या पांजरापोळ गल्लीतून कितीदा गेले असेन, गाईंना चाराही घातला असेल. पांजरापोळ म्हणजे गाईंची जागा असंच मला वाटायचं. तिच्या जन्माला कुत्री कारण झाली हे बुंदी आल्यावर कळलं.

1832 साल. मुंबईत कंपनी सरकारचा अंमल होता. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती होती आणि ती खोटीही नव्हती, कारण तेव्हा त्यावर लसच नव्हती. म्हणून उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षीस आलं की हात सैल सुटतो. लोकांच्या दारातली, घरातली कुत्रीही ओढून मारली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धर्मात स्थान आहे. त्यांच्याकडे अंत्यविधीच्या वेळी मृतदेहावर कुत्र्याची नजर पडू देतात, त्या विधीला सगदीद म्हणतात. तेव्हा त्यांना हे किती लागलं असेल, याची कल्पना करा.

6 जून 1832 रोजी कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांना अडवलं आणि मारहाण केली. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली. गोऱ्या पलटणीला पाव-दूध पुरवणारे बहुतेक पारशीच होते, तो पुरवठा थांबला. हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमान व्यापारीही या बंदात सामील झाले. शेवटी सरकारने फौज आणली आणि पुढाऱ्यांना पकडलं. इतिहासात याला मुंबईतला कुत्र्यांचा दंगा म्हणतात. हिंसेविरुद्ध उठलेल्या लोकांनी पहिल्या दिवशी शिपायांवर हात उगारला होता, हेही लपवू नये.

दंगा दोन दिवसांत शमला. मग शहरातले शेटिये सरकारकडे अर्ज घेऊन गेले. त्यांत जमशेदजी जीजीभाई होते. कुत्र्यांना मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावं, अशी तडजोड पुढे आली.

हे वाचताना मी थांबले. बाहेर हलवावं. म्हणजे आमच्या मोतीचंच की!

पण ती माणसं तिथे थांबली नाहीत, आम्ही थांबलो. बाहेर हलवलेल्या जिवाला खायला कोण घालणार, हा प्रश्न त्यांनी विचारला. 1834 साली जमशेदजी आणि आपले जैन व्यापारी शेठ मोतीचंद अमीचंद यांनी इतरांना बरोबर घेऊन मुंबईची पांजरापोळ उभी केली. मोतीचंद म्हणजेच मोतीशा शेठ. भायखळ्याचं आदीश्वर मंदिर आणि पालिताण्याची मोतीशा टूंक ज्यांच्या नावाने आहे, तेच हे. एक पारशी आणि एक जैन, आणि मध्ये गल्लीतली बेवारशी कुत्री.

पांजरापोळ ही काही त्यांनी काढलेली नवी कल्पना नव्हती. गुजरातेत महाजनांच्या पांजरापोळी शतकानुशतकं होत्या. मुंबईत तिचा जम बसला तो पैशाच्या व्यवस्थेमुळे. नुसत्या देणगीवर ती ठेवली नाही. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वतःहून लागा बसवला. माल विकला की त्यातला ठरलेला थोडासा भाग मुक्या जिवांसाठी बाजूला काढायचा. धंदा चालला की चारा चालतो. दया मनात आली काय आणि न आली काय, वहीत नोंद होणारच. या दोघांच्या संपत्तीत चीनशी चालणाऱ्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता, हेही तितकंच खरं. त्याच वहीतून तो पैसाही आला आणि हा चाराही. माणसं अशीच असतात, आपणही.

लंडनचं उदाहरण बघा. मेरी टील्बी नावाच्या बाईंनी 1860 मध्ये होलोवे भागात हरवलेल्या, उपाशी कुत्र्यांसाठी आसरा काढला. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची टर उडवली. माणसं उपाशी असताना कुत्र्यांसाठी घर कसलं, असा सूर होता. बाई 1865 मध्ये वारल्या. आसरा 1871 मध्ये बॅटरसीला गेला आणि आजही चालू आहे. मुंबईची पांजरापोळ त्याच्या सव्वीस वर्षं आधीची. आज भुलेश्वरला गेलात तर गाईच दिसतील, म्हणून ही कुत्र्यांची गोष्ट आपण विसरलो.

आता बुंदीच्या जातीबद्दल, कारण तिथेही एक गंमत आहे. पूडल म्हणजे श्रीमंत बायकांच्या मांडीवरचं खेळणं, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात हा पाण्यात उतरणारा शिकारी कुत्रा. नाव जर्मन भाषेतलं, त्याचा अर्थच पाण्यात डुबुकडुबुक करणं असा. शिकाऱ्याने बदक पाडलं की पाण्यात पोहत जाऊन ते आणायचं, हे याचं काम. अंगावरचे केस जागोजाग भादरून छातीवर आणि सांध्यांवर गोंडे ठेवायची जी तऱ्हा आहे, तीही म्हणे पोहताना हलकं वाटावं आणि सांधे उबदार राहावेत म्हणून सुरू झाली. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजपुत्र रूपर्टचा एक पांढरा पूडल होता, नाव बॉय. तो चेटक्या आहे अशी पत्रकं विरोधकांनी छापली होती. 2 जुलै 1644 रोजी मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. पुढे हीच जात फ्रान्समध्ये शौकाची झाली आणि पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी कुत्र्यांचे केस कापणारे कारागीर बसू लागले.

म्हणजे शिकाऱ्याची कुत्री आता जैनाच्या घरात राहते आहे.

या जातीचे केस फारसे गळत नाहीत, वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत तर गाठी होतात आणि त्या कातडी ओढतात. बुंदी पिल्लं विकणाऱ्या एका माणसाकडे पिंजऱ्यात होती. वर्षं न् वर्षं पिल्लं घालायची आणि ती विकली जायची, हेच तिचं आयुष्य. 2017 पासून अशा धंद्याला नोंदणी आणि नियम आहेत, पण त्या माणसाकडे काहीच नव्हतं. गटाने तिला सोडवलं तेव्हा केसांचे नमदे झाले होते. भादरल्यावर खाली जखमा निघाल्या. आणि शेपटी अर्धीच, कारण दिसायला बरं म्हणून लहानपणीच कापलेली.

आपल्याकडे अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, पाठशाळेत सगळ्यांनी पाठ केलेले. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. मी ते अनेक वर्षं परीक्षेच्या उत्तरासारखे म्हणत आले. बुंदीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि बोटांनी मोजले. बंध, पिंजऱ्याचा. छेद, शेपटीचा. भार, पिल्लांचा. यादी पुस्तकातून उठून माझ्या मांडीवर येऊन बसली होती.

आता तुमची उत्तरं. खाणं शाकाहारीच, पण मनाने ठरवलेलं नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर वाढला, त्यामुळे धान्य पचवायची ताकद त्याच्यात आहे. तरी नुसता दहीभात पुरत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तयार शाकाहारी खाणं, जोडीला मूगडाळ, भात, लाल भोपळा, आणि सहा महिन्यांनी रक्ततपासणी. मांजराला हे चालत नाही, त्याला मांस लागतंच, तेव्हा माझं बघून कुणी मांजरावर प्रयोग करू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासारखे असतात. डॉक्टर हे बजावून सांगायला लागले तेव्हा सासूबाई एकदम खूश होऊन म्हणाल्या, "मग आमच्याएवढं चांगलं घर तिला मिळायचं नाही."

सोवळ्यासाठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक फळी लावली आहे. ती ओलांडत नाही. देवघराचं दार बंद असतं.

भांडण एकदाच झालं. सासूबाईंचा चौविहार. त्यांचं म्हणणं पडलं की सूर्यास्तानंतर बुंदीचंही पाण्याचं भांडं उचलायचं. मी म्हटलं, "आई, व्रत तुम्ही घेतलंय, तिने नाही. आणि पाचवा अतिचार कोणता?" त्या उठून आत गेल्या. रात्री बघते तर भांडं भरलेलं, पाणी गाळून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच नातीला जीवंधरकुमारांची गोष्ट सांगितली. यज्ञाचं अन्न विटाळलं म्हणून मार खाऊन मरायला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात कुमारांनी णमोकार मंत्र म्हटला, तो मरून सुदर्शन यक्ष झाला आणि उपकार विसरला नाही. गोष्ट संपल्यावर लेक म्हणाली, "आजी, आपण बुंदीला जिवंतपणीच सांगू या की!"

शेवटी मोतीकडे येते. आपल्याकडे 2001 साली नियम आला की रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला ज्या गल्लीतून उचललं त्याच गल्लीत परत सोडायचं. 2023 च्या नव्या नियमांतही तेच ठेवलं आहे. कारण कुत्र्याला आपली हद्द असते. परक्या हद्दीत टाकलेल्या कुत्र्यावर तिथली कुत्री तुटून पडतात, अन्नपाण्याच्या जागा त्याला माहीत नसतात, आणि इकडे रिकाम्या गल्लीत दुसरी येतातच. म्हणजे "सोडलंच फक्त" हे खोटं होतं. आम्ही मोतीचं अन्नपाणी तोडलं होतं.

1832 मध्ये दोन दिवस राग आला, पण मुंबईची कुत्री त्या रागाने जगली नाहीत. पुढे प्रत्येक सौद्यावर काढलेल्या लाग्याने जगली. माझा लागा सोपा आहे. रोज संध्याकाळी वीस मिनिटं फणी घेऊन बसायचं. बुंदी अजून फणी दिसली की थरथरते, मग हळूहळू मांडीवर डोकं टाकते. आणि महिन्याला घरखर्चातून ठरलेली रक्कम त्या गटाला, मोतीच्या नावाने.

यंदा क्षमावणीच्या दिवशी तुम्हा सगळ्यांची क्षमा मागीनच. मोतीची मात्र आजच मागते. दारात उभी राहून गप्प बसले होते, त्याबद्दल.

जय जिनेंद्र.