गाडी येते, नंबर येत नाही : न्हावा शेवा आणि मोटारीच्या कागदांचा इतिहास



१९८९ साली पाच आठवड्यांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. २६ मे रोजी न्हावा आणि शेवा या दोन गावांच्या नावाने ओळखलं जाणारं बंदर सुरू झालं. आणि १ जुलैपासून १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाला. एकाने परदेशी मालाला नवं दार उघडलं. दुसऱ्याने त्या दारातून आलेली गाडी रस्त्यावर केव्हा धावू शकते, ते ठरवलं.

परदेशातून कायमचं परत येणारी आपली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. तिकडे गाडीची नोंदणी रीतसर होती, विमा चालू होता, मग इथे सगळं पुन्हा पहिल्यापासून कशाला? प्रश्न वैतागून विचारलेला असतो, पण तो रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

आधी नंबराचं बघू. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली मोटारींवर मालकाचं नाव-पत्ता आणि क्रमांक लावायचा हुकूम काढला. इंग्लंडात १ जानेवारी १९०४ पासून नंबरप्लेट सक्तीची झाली. कारण साधं होतं. टांगेवाल्याने कुणाला धक्का दिला तर लोक त्याला तिथल्या तिथे धरत. मोटारवाला मात्र धूळ उडवून पसार होई. त्याला नंतर शोधायचं, तर पोलीस ठाण्यात एक वही हवी, आणि गाडीवर त्या वहीतला आकडा हवा. म्हणजे नंबर हा काही मालकाचा मान नव्हे. ती त्या गावच्या वहीतली नोंद आहे. वही बदलली की नंबर बदलणारच!

आपल्याकडे १९१४ चा इंडियन मोटार व्हेईकल्स ॲक्ट आला, तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. उरण-पनवेल त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी हद्दीत. पण याच किनाऱ्याने थोडं दक्षिणेला गेलं की जंजिरा संस्थान, आणखी खाली सावंतवाडी, आणि त्यापलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. कोकणच्या एका किनाऱ्यावर इतक्या राजवटी होत्या. ‘दुसऱ्या देशात गाडी नेणं’ यासाठी तेव्हा समुद्र ओलांडायची गरजच नव्हती.

मग प्रवाशांनी करायचं काय? १९०९ साली पॅरिसमध्ये मोटार वाहतुकीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात पाहुण्या गाडीला एक प्रवासी दाखला मिळाला, त्याची मुदत एक वर्ष. १९४९ च्या जिनिव्हा करारातही तीच मर्यादा आहे. सलग वर्षभरापेक्षा जास्त राहिलेल्या गाडीला पाहुण्याच्या सवलती देण्याचं बंधन यजमान देशावर नाही. आणि गंमत बघा, आपल्या १९८८ च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीलासुद्धा बारा महिनेच दिले आहेत. पाहुणा वर्षभर पाहुणा, पुढे तो घरचा.

पाहुण्या गाडीचा आणखी एक कागद म्हणजे कार्ने. ‘ही गाडी मी परत घेऊन जाईन, नाहीतर जकात भरीन’ अशी ती हमी असते. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन असे कार्ने देते. पण कायमचं राहायला येणाऱ्याला कार्नेचा उपयोग नाही, कारण त्याला परत जायचंच नसतं.

आता विमा. सुरुवातीला विमा हा मालकाच्या मर्जीचा मामला होता. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, अपघात वाढले. जखमी माणूस कोर्टात दावा जिंकायचा, पण गाडीवाल्याकडे द्यायला पैसेच नसायचे. हातात राहायचा नुसता हुकूमनामा. म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ साली, आणि ब्रिटनने १९३० च्या कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या कायद्यात तशीच तरतूद झाली, पण ते प्रकरण प्रत्यक्षात आलं १ जुलै १९४६ पासून. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय केली.

हा ‘तृतीय पक्ष’ कोण? मालक पहिला, विमा कंपनी दुसरी, आणि तिसरा तो रस्त्याने जाणारा माणूस, ज्याला तुमचं नावही ठाऊक नाही. उरण फाट्यावर सायकलवरून कामाला निघालेला कामगार समजा. त्याच्या घरच्यांनी लंडनच्या कंपनीकडे दाद मागायची का? नाही ना. त्यांना न्याय इथेच मिळाला पाहिजे. म्हणून पॉलिसी इथली लागते. आम्हांला तरी या साऱ्या कागदांचा गाभा हाच वाटतो.

आता पुन्हा बंदरावर येऊ. आपल्या आयात धोरणानुसार नवी गाडी न्हावा शेवा बंदरात उतरवता येते. पण तिकडे वापरलेली गाडी आणायची, तर ती खाडीपलीकडच्या मुंबई बंदरातूनच. ती तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं. इथे आखातातून परतणाऱ्या रत्नागिरी-रायगडच्या माणसाची अडचण होते. दुबई-कुवेतच्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या! मोटार कायद्याचं कलम १२० अशी गाडी इशारा देणारं यंत्र चालू असेल तर चालवू देतं, पण आयातीचा नियम तिला आतच येऊ देत नाही. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची गाडी या अटीत बसते, पण जकात आणि कर मिळून रक्कम गाडीच्या किमतीच्याही वर जाते. त्यामुळे बहुतेक जण हिशेब करून गाडी तिकडेच विकून येतात.

जे आणतात, त्यांच्या कागदांचा क्रम लक्षात ठेवा. आधी कस्टम्सची सुटका. मग चॅसिस आणि इंजिन नंबरावर विमा. त्यानंतर फॉर्म २०, सोबत कस्टम्सचा दाखला आणि पॉलिसी, आणि आरटीओची तपासणी. घर पनवेलला असेल तर गाडीला एमएच-४६ मिळेल. विमा नोंदणीच्या आधी का, हे आता वेगळं सांगायला नको. वहीत नाव चढण्याआधी त्या तिसऱ्या माणसाची सोय झालेली असली पाहिजे.

मग समुद्र ओलांडून काहीच येत नाही का? येतं. चॅसिसवर कोरलेला नंबर येतो. आणि दुसरी एक गोष्ट, जी फारशी कुणी विचारत नाही. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये एक तरतूद होती : परदेशात विमा-दावा न करता मिळवलेला नो क्लेम बोनस, पुरावा दाखवला आणि तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे नवी घेतली, तर इथेही धरता येतो. तेव्हा निघण्यापूर्वी तिकडच्या कंपनीकडून तसं पत्र घ्या, आणि इथल्या कंपनीला स्पष्ट विचारा. गाडी विकून आलात तरी ते पत्र तुमच्याजवळ राहतं. नंबर त्या जागेचा असतो, पण रस्त्यावर नीट वागल्याची नोंद माणसाच्या नावावर असते.