आवृत्ती संपलेली कृती आणि नक्कलकाराचा धर्म

संगणकावरील जुने खेळ आणि मराठीतील दुर्मीळ नियतकालिके यांचा परस्परांशी काय संबंध, असे साहित्याच्या अभ्यासकास वाटणे स्वाभाविक आहे. हा संबंध कायद्यानेच जोडून ठेवला आहे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाची आज्ञावली 'साहित्यकृती' या संज्ञेत समाविष्ट झाली. तेव्हापासून अरुण कोलटकरांची कविता आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया'सारख्या खेळाची आज्ञावली कायद्याच्या लेखी एकाच पंक्तीत बसतात. दोहोंनाही कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे संरक्षण आहे. साहजिकच दोहोंवर येणारे संकटही एकच आहे. कृती बाजारातून निघून जाते, हक्क मात्र राहतो.

खेळांच्या बाबतीत हे संकट मोजले गेले आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आता विक्रीस उपलब्ध नाहीत, असे आढळले. मग हौशी मंडळी त्यांच्या नकला महाजालावरून विनामूल्य उतरवून घेतात आणि अशा खेळांना 'सोडून दिलेले' म्हणतात. ही चोरी की जतन, हा वाद तेथे जुनाच आहे. आपल्याकडे तो याहूनही जुना आहे. केवळ आपण त्याला वाद म्हटले नाही.

हस्तलिखितांच्या काळात नक्कल करणे हे पुण्यकर्म होते. मूळ कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न सहसा निघत नसे. मूळ शुद्ध उतरले की नाही, हा प्रश्न मात्र निघे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. आपल्या पदरची ओवी कोणी या ग्रंथात घालू नये, अशी ताकीदही परंपरेत नोंदलेली आहे. याचा अर्थ नक्कल सर्वांना मोकळी होती, पण ती बेजबाबदार नव्हती. नकलाकाराचे उत्तरदायित्व ग्रंथाशी आणि ग्रंथकर्त्याच्या नावाशी होते.

मुद्रणाने हे चित्र पालटले. पोथी हरवे किंवा सापडे. तिची 'आवृत्ती संपत' नसे. आवृत्ती संपणे ही अवस्थाच छापखान्याने आणि बाजाराने निर्माण केली. कंपनी सरकारचा १८४७ चा कायदा, त्यानंतरचा १९१४ चा आणि अखेर स्वतंत्र भारताचा १९५७ चा, असा प्रताधिकाराचा प्रवास झाला. मृत्यूनंतरची मुदत पन्नास वर्षांची होती. ती १९९२ साली साठ झाली. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपत आला होता, हे या वाढीचे निमित्त. एका थोर लेखकासाठी केलेली ही वाढ असंख्य अल्पख्यात लेखकांनाही आपोआप लागू झाली. त्यांच्या पुस्तकांना मात्र त्या दहा वर्षांत ना प्रकाशक मिळाला ना वाचक.

मुदत संपली की कृती मुक्त होते आणि प्रश्न सुटतो, असे आपण मानतो. साने गुरुजींच्या बाबतीत तसे घडलेही. ११ जून १९५० रोजी ते गेले. २०११ च्या आरंभी त्यांचे साहित्य मुक्त झाले आणि 'श्यामची आई' अनेक प्रकाशकांनी काढली. परंतु हे पुस्तक त्याआधीही घरोघरी होतेच. मुदत संपण्याचा लाभ ज्याची प्रत टिकली आहे त्यालाच होतो. जे कागदच उरले नाहीत त्यांना मुक्ती मिळून उपयोग काय?

याच्या उलट टोकाला 'शब्द'सारखे लघुअनियतकालिक आहे. कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या मंडळींनी १९५० च्या दशकात चक्रमुद्रित स्वरूपात काढलेला हा अंक मराठी नवकवितेच्या इतिहासातील महत्त्वाचा दस्तऐवज आहे. चक्रमुद्रणाचा कागद स्वस्त, प्रती मोजक्या, वितरण हातोहात. कोलटकर २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क २०६४ अखेरपर्यंत. चित्रे २००९ साली गेले, त्यांचा हक्क २०६९ अखेरपर्यंत. अंकात इतर जे कोणी लिहिले त्या प्रत्येकाची मुदत निराळी. प्रस्थापित प्रकाशनव्यवस्थेकडे पाठ फिरवून ज्यांनी अंक काढले, त्यांच्याच अंकाची आज छायाप्रत काढायची तर अनेक वारसांच्या परवानग्या हव्यात. तोवर कागद थांबेल काय?

कायदा याबाबतीत अगदीच अंध नाही, हे सांगितले पाहिजे. विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास आपल्या उपयोगासाठी काढता येतात. संग्रहात छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची अंकीय प्रत करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली. हक्कधारकाने पुनर्मुद्रण नाकारल्यामुळे ग्रंथ लोकांना दुरावला असेल, तर सक्तीच्या परवान्याचीही सोय आहे. मात्र 'सोडून दिलेले' हा वर्ग कायद्यात नाही. हक्क सोडायचा तर तो कर्त्याने स्वतः जाहीर करून सोडावा लागतो. मौन म्हणजे त्याग नव्हे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा कर्ता जॉर्डन मेकनर याची मूळ आज्ञावली हरवली होती. २०१२ साली तिच्या तबकड्या सापडल्यावर त्याने ती आपणहून सर्वांसमोर ठेवली. असा कर्ता विरळा.

म्हणून 'दुर्मीळ' या शब्दाचा गैरवापरही आपण ओळखला पाहिजे. दुकानात उपलब्ध असलेल्या पुस्तकांच्या फायली 'दुर्मीळ ग्रंथ' या नावाखाली भ्रमणध्वनीवरून फिरत असतात. मराठी प्रकाशकाची आवृत्ती बहुधा लहान असते. तिचे थोडे ग्राहक गेले तरी दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि मग ते पुस्तक खरोखरच दुर्मीळ होते. येथे नकलाकार जतन करत नाही, दुर्मीळता निर्माण करतो.

मग कसोटी कोणती? आमच्या मते ती तिहेरी आहे. कृती खरोखर विकत मिळत नाही ना, याचा शोध आधी घ्यावा. नक्कल विकू नये, आणि कर्ता, प्रकाशक, वर्ष यांची पाने गाळू नयेत. हक्कधारक पुढे आला वा नवी आवृत्ती निघाली, तर नक्कल मागे घ्यावी. या तीन अटी पाळून केलेले वाचन कायद्याच्या चौकटीत बसेलच असे नाही. परंतु त्याने लेखकाच्या ताटातील घास हिरावला जात नाही, आणि पोथीच्या नकलाकाराचे उत्तरदायित्वही सांभाळले जाते. नैतिक आणि वैध यांतील हे अंतर आपण लपवू नये. ते कमी करण्यासाठी कायद्याने दिलेली मुभा वापरावी.

ती मुभा व्यक्तीला नाही, ग्रंथालयाला आहे. रांजणगावच्या विद्यार्थ्यास सत्तर वर्षांपूर्वीचा अंक पाहायचा झाला, तर सुमारे पन्नास किलोमीटरवरील पुणे गाठावे लागते, आणि तेथे तो मिळेलच असे नाही. अशा वेळी कुठूनतरी आलेली, पाने गळालेली, कर्त्याचे नाव नसलेली फाईल त्याच्या हाती पडते आणि तिच्यावरूनच प्रबंध लिहिला जातो. हा दोष त्याचा नव्हे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि अशी ग्रंथालये तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांच्या कपाटांत शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त नोंद असलेली, पण बाजारात न मिळणारी पुस्तके आजही सापडू शकतात. मराठीच्या अध्यापकांनी आपल्या गावच्या कपाटाची यादी करावी, सूचीशी ताडून पाहावी आणि जे विक्रीस नाही त्याच्या तीन प्रती ग्रंथालयाकडून करवून घ्याव्यात. वाळवी प्रताधिकाराची मुदत संपण्याची वाट पाहत नाही.