धांव आणि टायर : भोर-वेल्ह्याच्या वाटांवरील चाकाची कथा

चाकाच्या शोधाचें कौतुक पुष्कळ झालें आहे. परंतु चाक जेथें जमिनीला टेकतें त्या वीतभर जागेचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. वस्तुतः वाहन कितीहि भारी असो, त्याला जमिनीशीं बांधून ठेवणारी जागा काय ती एवढीच. ती सुटली कीं, यंत्राची शक्ति आणि चालकाचें कौशल्य दोन्ही व्यर्थ होतात. पुण्याच्या नैर्ऋत्येस भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके आहेत. त्यांपैकीं वेल्ह्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे. या मुलुखांतील वाटांवर त्या वीतभर जागेनें कोणकोणतीं रूपें घेतलीं हें पाहिलें म्हणजे, लांबच्या प्रवासाच्या वेगवान मोटारसायकलीसाठीं आज नवे टायर निवडणारा मनुष्यहि एक जुनेंच कोडें सोडवीत असतो, असें ध्यानांत येतें. तें कोडें म्हणजे पकड आणि टिकाऊपणा यांचा मेळ.

हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरें, वेळवंड खोरें हीं या प्रदेशाचीं जुनीं नांवें. सन १६४६ च्या सुमारास तोरणा शिवाजीमहाराजांच्या हातीं आला आणि पुढें सुमारें पंचवीस वर्षें राजगड ही स्वराज्याची राजधानी होती. या राज्याचें दळणवळण चाकावर चालत नव्हतें. तें पायांवर आणि खुरांवर चालत होतें. वेल्ह्याहून कोंकणांत उतरणारा मढे घाट ही पाऊलवाटच. सन १६७० मध्यें सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेनें उमरठास नेला, अशी परंपरा आहे. घाटाखालचें मीठ वर येई व वरचें धान्य खालीं जाई तें बैलांच्या पाठीवरून. अशा बैलाचा खूर खडकावर झिजूं नये म्हणून नालबंद त्यास पत्र्या मारी. खूर दुभंगलेला असल्यामुळें एका पायाला दोन. पत्रीमुळें खूर टिकत असे. पण ओल्या गुळगुळीत खडकावर लोखंड निसरतें, हें बैल हांकणाऱ्यास ठाऊक असे. पकड आणि टिकाऊपणा यांचा तंटा येथूनच सुरू होतो.

रस्ते रुंद झाले तशी बैलगाडी आली व तिच्याबरोबर ‘धांव’ आली. धांव म्हणजे लांकडी चाकावरील लोखंडी वाट. तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून सुतार चाक सिद्ध करी. त्यावर धांव चढविणें हें लोहाराचें काम. धांवेचा घेर चाकाच्या घेराहून किंचित् लहान ठेवीत. मग गोंवऱ्यांच्या वर्तुळाकार आगटींत ती लाल होईपर्यंत तापवीत. तापून फुगलेली धांव सांडशींनीं उचलून चाकावर बसवीत आणि लागलीच तिच्यावर पाणी ओतीत. लोखंड आकसे, आऱ्यांचे सांधे करकरत आणि सारें चाक एकजीव होई. उन्हाळ्यांत लांकूड वाळलें कीं धांव सैल पडे. तेव्हां गाडीवान चाकें नदीच्या पाण्यांत भिजत ठेवी. चाकाची वाट पाहून वाटेला लागावें, हा धडा घरोघर ठाऊक होता.

तथापि धांवेचा दोष तिच्या गुणांतच होता. ती वर्षानुवर्षें झिजत नसे, कारण ती कोणाला नमत नसे. अरुंद लोखंडी कड खडीच्या रस्त्यांत चाकोऱ्या पाडी. खड्ड्यांतील प्रत्येक धक्का बैलाच्या मानेपर्यंत पोंचवी. आणि उतारावर गाडी सांवरण्यास तिची मुळींच मदत होत नसे.

या दोषावरील उपाय फार दूर निघाला. सन १८३९ मध्यें अमेरिकेंत चार्लस् गुडइयर यास रबर गंधकाबरोबर तापविल्यास तें थंडींत तडकत नाहीं व उन्हांत चिकट होत नाहीं, असें आढळून आलें. सन १८४५ मध्यें रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. पण त्या काळीं गिऱ्हाईक नव्हतें, म्हणून ती कल्पना विस्मृतींत गेली. पुढें १८८८ मध्यें बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं ती पुन्हां सिद्ध केली. हा डनलॉप व्यवसायानें गुरांचा वैद्य होता. ज्याचा हात नित्य खुरांवरून फिरे त्यानेंच चाकाला मऊ पाऊल द्यावें, हा योगायोग मनोरंजक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं रबरांत काजळी मिसळण्याची युक्ति निघाली. तिनें टायर काळा झाला आणि कितीतरी पट टिकाऊहि झाला.

सन १९३६ मध्यें डनलॉप कंपनीचा कारखाना बंगालमध्यें साहागंज येथें सुरू झाला. पुढें महाराष्ट्रांतील खेड्यांत हवेच्या चाकांची बैलगाडी ‘डनलॉप गाडी’ याच नांवानें रूढ झाली. इकडे राजाराममहाराजांच्या काळांत सचिवपद लाभलेल्या शंकराजी नारायण यांच्या वंशाकडे चालत आलेलें भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. आणि त्याच वर्षीं १ जूनला पुणें-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धांवली. लोखंडाचें युग संपून रबराचें युग आल्याची ही जणूं नोंदच होय.

रबरानें जुना तंटा मिटविला नाहीं. त्याचें स्वरूप मात्र पालटलें. मऊ रबर रस्ता घट्ट धरतें, पण लवकर झिजतें; कठीण रबर टिकतें, पण ओल्या रस्त्यावर घसरतें. चार चाकांच्या गाडीस हा दोष कांहीं अंशीं झांकतां येतो; दुचाकीस नाहीं. ती वळणावर कलते, आणि कलतांना तळहाताएवढ्या दोन जागांवर तिचा सारा भार असतो.

भोर-वेल्ह्याचा रस्ता या परीक्षेस फार कठोर आहे. पुण्याहून निघालेला स्वार हमरस्त्यावर सरळ वेगानें येतो. मग चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे किंवा कापूरहोळावरून भोरकडे वळतो. पाबे घाट, मांढरदेवीचा घाट, महाडकडे उतरणारा वरंध घाट, येथें वळणामागून वळण येतें. आषाढांत भाताच्या चिखलणीवरून आलेल्या ट्रॅक्टरचा चिखल डांबरावर पसरतो, कड्यावरून पाणी वाहतें आणि धुक्यांत पुढचें वळण दिसत नाहीं. दरडींच्या भयामुळें अलीकडे पावसाळ्यांत वरंध घाट वारंवार बंद ठेवावा लागला आहे. अशा ठिकाणीं टायरची निवड ही हौसेची बाब राहत नाहीं.

सरळ हमरस्त्यावरच फार धांवलेल्या मागच्या टायरचा मध्यभाग झिजून सपाट होतो व कडा तशाच राहतात. असा टायर दिसावयास अजून बरा दिसतो. परंतु घाटांत गाडी कलूं लागली कीं सपाटीची कड आडवी येते आणि गाडी एकदम झुकते. खांचांतील झिजेच्या खुणा पृष्ठभागाशीं समान होण्याची वाट न पाहतां असा टायर बदलणें हेंच शहाणपणाचें.

नव्या टायरच्या अंगावरच त्याची कुंडली लिहिलेली असते. ‘१८०/५५ झेड-आर १७’ याचा अर्थ रुंदी १८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शेंकडा ५५, बांधणी रेडियल, आणि रिम १७ इंचांची. पुढील ‘७३’ हा भारांक ३६५ किलोग्रॅमचा, आणि ‘डब्ल्यू’ हें अक्षर ताशीं २७० किलोमीटरपर्यंतच्या वेगाचें. माप व भार उत्पादकानें सांगितलेलेच असावे. वेगाच्या अक्षराला मात्र कोणी भुलूं नये. वरंध घाटांत त्या वेगाचा कांहीं उपयोग नाहीं. शेवटचे चार आंकडे जन्मतिथीचे : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानांत फार वर्षें पडून राहिलेलें रबर न वापरतांहि कठीण होतें.

उरला प्रश्न जातीचा. शर्यतीचा टायर तापल्याखेरीज नीट धरीत नाहीं, आणि सह्याद्रीच्या पावसांत तो तापणार कसा? केवळ टिकाऊ टायर पुष्कळ मैल देतो, परंतु ओल्या वळणावर धीर देत नाहीं. या दोहोंच्या मध्यें असलेल्या प्रवासी-वेगवान जातींत पुष्कळदां मध्यभागीं कठीण व कडांस मऊ रबर असतें, सिलिका मिसळल्यानें थंड ओल्या रस्त्यावरहि तें धरतें, आणि खोल खांचा पाणी बाहेर काढतात. या मुलुखांत जाणाऱ्या स्वारास हीच जात योग्य. पुढचा व मागचा टायर एकमेकांस साजेसे असावे. एक रेडियल व दुसरा जुन्या बांधणीचा, अशी जोडी उत्पादकाच्या संमतीवांचून करूं नये. हवा थंड टायरांत तपासावी, मागें माणूस व सामान असेल तर उत्पादकाच्या आंकड्याप्रमाणें वाढवावी. नव्या टायरचा पृष्ठभाग आरंभीं गुळगुळीत असतो. म्हणून पहिले शेंदीडशें किलोमीटर कोरड्या रस्त्यावर जपून चालवावे, घाट मागाहून.

धांव चढवितांना सुतार, लोहार आणि गाडीवान तिघेहि चाकाभोंवतीं उभे असत. गाडी कोणत्या वाटेनें आणि किती ओझें घेऊन जाणार हें तिघांना माहीत असे. आज टायर दुकानाच्या फळीवरून निवडला जातो आणि पहिला प्रश्न बहुधा किंमतीचा असतो. किंमत विचारणें गैर नाहीं. मात्र त्यापूर्वीं वाट विचारावी. राजगडाच्या पायथ्याच्या वाटांनीं खूर, धांव आणि टायर तिघांनाहि पारखून पाहिलें आहे, आणि जो टिकण्याच्या मोहांत धरणें विसरला त्याला त्यांनीं क्षमा केलेली नाहीं.