सूचीतील पृष्ठविभाजन : उशिरा सापडलेल्या कागदाची जागा

ऐतिहासिक कागद ज्या क्रमाने लिहिले गेले त्या क्रमाने सापडत नाहीत. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी केली. त्यापूर्वीच, १८९८ मध्ये, राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला होता. या मालेचे एकंदर बावीस खंड झाले. पहिल्या खंडात पानिपताच्या सुमाराची पत्रे आहेत. त्याहून शतकभर आधीचे शिवकालीन कागद मात्र नंतरच्या खंडांत आले. दप्तर हाती येईल तसा खंड निघाला, हे उघड आहे. कालक्रम पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकास म्हणूनच स्वतंत्र सूचीची गरज भासते. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या ‘शिवकालीन पत्रसारसंग्रहा’ने पत्रांचे सारांश कालानुक्रमे मांडून ती बरीचशी भागविली.

परंतु छापील सूची एकदा बांधली गेली की तिच्या दोन ओळींमध्ये तिसरी ओळ शिरू शकत नाही. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, राहिलेल्या शब्दांसाठी १९५० साली पुरवणी विभाग काढावा लागला. तेव्हापासून वाचकास एकच शब्द दोन ठिकाणी शोधणे प्राप्त झाले. जो पुरवणी पाहावयास विसरला, त्याच्यापुरता तो शब्द नाहीसाच झाला.

संगणकीय माहितीसंग्रहापुढे हाच प्रश्न उभा राहिला. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅकक्राइट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत त्याचा विचार करून १९७२ साली ‘बी-ट्री’ नामक रचनेचा निबंध प्रसिद्ध केला. तीत सूची ठराविक मापाच्या पृष्ठांत विभागलेली असते. समजा, एका पृष्ठात चारच नोंदी मावतात व त्यात १६५९, १६६५, १६६६ आणि १६७४ या सालांची पत्रे नोंदलेली आहेत. आता लाल महालावरील छाप्याच्या वर्षाचे, म्हणजे १६६३ चे, एक पत्र सापडले. पृष्ठ भरलेले आहे. अशा वेळी एक कोरे पृष्ठ घेतात. १६५९ व १६६३ जुन्या पृष्ठावर राहतात, १६६५ पासूनच्या तीन नोंदी नव्या पृष्ठावर जातात, आणि वरच्या पातळीवरील मार्गदर्शक पृष्ठावर ‘१६६५ पासून पुढे येथे पाहावे’ अशी एक खूण होते. यासच पृष्ठविभाजन म्हणतात. मार्गदर्शक पृष्ठही भरलेले असेल तर तेही याच रीतीने दुभंगते. शिखरावरील पृष्ठ दुभंगले तरच सूचीची उंची एका पातळीने वाढते. इतर शेकडो पृष्ठांस मात्र हातही लागत नाही, आणि पुरवणीची आवश्यकता राहत नाही.

ही सोय फुकट मिळत नाही. विभाजनसमयी एका नोंदीसाठी तीन पृष्ठे लिहावी लागतात. दुभंगलेली पृष्ठे अर्धवट रिकामी राहतात. नवे पृष्ठ जुन्याच्या शेजारीच पडेल असेही नाही. नोंदी वाटेल त्या क्रमाने येत राहिल्यास पृष्ठे सरासरीने सुमारे ६९ टक्केच भरलेली असतात, असे अँड्र्यू याव यांच्या १९७८ च्या गणितावरून दिसते. याउलट नोंदी चढत्या क्रमाने आल्या तर विभाजन केवळ शेवटच्या टोकास होते. म्हणून मध्ये भर पडण्याचा संभव असल्यास सूची रचतानाच प्रत्येक पृष्ठात काही जागा राखून ठेवतात.

ही रिकामी जागा अपव्यय नव्हे. पुढे सापडणाऱ्या कागदासाठी ती राखलेली असते. ज्या सूचीत उशिरा आलेल्या पत्रास त्याच्या कालाचे स्थान मिळत नाही, ती सूची इतिहासाचा क्रम न दाखविता केवळ शोधाचा क्रम दाखविते. आणि या दोहोंची गल्लत झाली की निष्कर्षही चुकतात. दप्तरांची सूची करणाऱ्याने प्रथम हाच विचार करावयास हवा.